हजेरीपटावरची माणसे

(महाविद्यालयीन सहाध्यायांच्या एका स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. आत्येभाऊ निराळा, मावसभाऊ निराळा. साडूचा भाऊ, जावेची बहीण, विहिणीची नणंद अशा दूरदूरच्या माणसांनाही लग्नाच्या मांडवात नेमकी जागा आणि नेमका मान असतो. मात्र ज्याच्याबरोबर चार वर्षे एका बाकावर काढली, ज्याच्या डब्यातले खाल्ले, ज्याची वही उतरवून परीक्षा दिली, त्याला नाव द्यायचे म्हटले की हीच भाषा हात आखडता घेते. सहाध्यायी, वर्गमित्र, फार तर वर्गबंधू. पुढे शब्द संपतात. या नात्याला मानपान नाही, आहेर नाही, सोयरसुतक नाही. वर्गमित्र गेला तर स्नान करावे लागत नाही. म्हणूनच की काय, तो गेल्याचे कळायलाही कित्येकदा वर्ष उलटते.

आपल्या प्राचीन वाङ्मयाला मात्र या नात्याचे मोल ठाऊक होते. सहाध्यायांच्या पुनर्भेटीच्या दोन कथा त्यात आहेत, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पहिली सर्वांच्या तोंडी असलेली, श्रीकृष्ण-सुदाम्याची. भागवताच्या दशम स्कंधात ती येते. लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे तिच्यातील काही बारकावे आपल्या नजरेतून सुटतात. सुदामा आपणहून निघत नाही. त्याला त्याची पत्नी पाठवते. शेजारच्या घरांतून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून ती त्याच्या हाती देते. द्वारकेत पोहोचल्यावर श्रीकृष्ण त्याच्याशी कशाविषयी बोलतो? राज्याविषयी नाही, ऐश्वर्याविषयी नाही. सांदीपनींच्या आश्रमात असताना गुरुपत्नीने सरपण आणायला पाठवले होते, अवेळी वादळ आले, अंधारात वाट चुकली, एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात भटकलो आणि पहाटे गुरुजी शोधत आले, ही आठवण तो काढतो. साठी-पंचाहत्तरीतले दोन वर्गमित्र भेटले की पहिल्या दहा मिनिटांत जे बोलतात, तेच हे.

दुसरी कथा महाभारताच्या आदिपर्वातली. द्रोण आणि द्रुपद यांनीही एकाच आश्रमात विद्या घेतली. पुढे द्रुपद पांचालचा राजा झाला आणि द्रोण दरिद्री राहिला. बालपणीच्या वचनावर विसंबून द्रोण त्याच्या सभेत गेला आणि त्याने त्याला 'सखा' म्हणून हाक मारली. मैत्री बरोबरीच्या माणसांत असते, दरिद्र्याची आणि राजाची मैत्री कसली, असे द्रुपदाने भर सभेत ऐकवले. त्या एका वाक्याची किंमत पुढच्या दोन पिढ्यांनी मोजली. अर्जुनाकरवी द्रुपद बांधून आणला गेला, त्याचे अर्धे राज्य गेले; त्यानेही द्रोणाच्या वधासाठी यज्ञातून पुत्र मिळवला, आणि द्रोणाचा अंत त्या धृष्टद्युम्नाच्याच हातून झाला. सहाध्यायांचा मेळावा बिघडला म्हणजे किती बिघडू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. मधली वर्षे कोरडी गेली होती, आणि भेट घडली ती कोणाच्या तरी निकडीमुळे. अशी निकड नसताना, केवळ भेटायचे म्हणून, दरवर्षी ठरवून सहाध्यायी साठ वर्षे भेटत राहिले तर काय घडते? त्याची तपशीलवार नोंद असलेले एक उदाहरण आहे, आणि ते अमेरिकेतले आहे.

बोस्टनजवळच्या हार्वर्ड महाविद्यालयातून १८२९ साली साठाच्या आसपास तरुण पदवी घेऊन बाहेर पडले. इकडे पेशवाई जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेला अजून अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. त्या वर्गात ऑलिव्हर वेन्डेल होम्स नावाचा विद्यार्थी होता. पुढे तो वैद्यक शिकला आणि शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. बाळंतिणींचा जीव घेणारा सूतिकाज्वर डॉक्टरांच्या आणि सुइणींच्याच हातांवाटे पसरतो, हे अप्रिय सत्य त्याने १८४३ साली मांडले आणि समव्यवसायींचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्गातला सॅम्युअल फ्रान्सिस स्मिथ धर्मोपदेशक झाला. 'अमेरिका' हे त्या देशात शंभर वर्षे राष्ट्रगीतासारखे गायले गेलेले गीत त्याचेच, १८३१ सालचे. बेंजामिन पीअर्स मोठा गणिती झाला. बेंजामिन कर्टिस देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. बाकीचे बहुतेक जण वकील, डॉक्टर, पाद्री आणि शिक्षक झाले. कोणत्याही वर्गात असतात तशीच ही माणसे.

या वर्गाने वार्षिक भेटीचा प्रघात पाडला. दर जानेवारीत, बोस्टनच्या कडाक्याच्या थंडीत, मंडळी एकत्र जेवायला जमत. होम्स कवीही होता. १८५१ पासून या भेटीसाठी तो दरवर्षी नवी कविता लिहून नेऊ लागला, आणि हा क्रम १८८९ पर्यंत चालला. अडतीस वर्षे! प्रारंभीच्या कवितांत थट्टामस्करी आहे. चाळिशी-पन्नाशीतली टक्कल पडलेली माणसे एकमेकांना 'पोरांनो' म्हणून हाक मारतात. मग हळूहळू सूर बदलतो. नावे गळू लागतात. अखेरची कविता त्याने वाचली तेव्हा पदवीला साठ वर्षे झाली होती आणि तो ऐंशीला टेकला होता. पुढच्या वर्षी, १८९० मध्ये, मंडळी पुन्हा जमली तेव्हा टेबलाभोवती तिघेच होते: होम्स, स्मिथ आणि सॅम्युअल मे. त्या दिवशी कविता झाली नाही.

या तिघांतले तिसरे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. होम्सची कीर्ती साहित्याच्या इतिहासात गेली, स्मिथचे गीत शाळाशाळांतून गायले गेले. सॅम्युअल मे हा वर्गाचा चिटणीस होता. पत्ते ठेवणे, बदललेले पत्ते शोधणे, भेटीची पत्रे धाडणे, कोण येणार आणि कोण नाही याचा हिशोब ठेवणे, कोणी गेला तर इतरांना कळवणे हे त्याचे काम. कविता वाचायला माणसे जमली पाहिजेत, आणि ती मे जमवत होता. संस्थांच्या इतिहासात वक्त्यांचे नाव राहते आणि सतरंज्या अंथरणाऱ्यांचे राहत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

मे याच्याविषयी आणखी एक सांगायला हवे. तो कट्टर गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता होता. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पूर्णवेळ प्रतिनिधी म्हणून तो गावोगाव फिरत असे. पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्यांपैकी तो होता. त्याच वर्गातला कर्टिस मात्र, पळालेला गुलाम मालकाच्या स्वाधीन केलाच पाहिजे, या १८५०च्या कायद्याच्या बाजूने उभा राहिला. एका प्रश्नावरून देश दुभंगत होता, भावाभावांत वैर येत होते, १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले. आणि ही दोन्ही नावे एकाच वर्गाच्या एकाच यादीत होती. पुढे याच कर्टिसने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात बहुमताविरुद्ध निकालपत्र लिहिले, काळा माणूसही या देशाचा नागरिक असू शकतो असे त्यात म्हटले, आणि त्याच वर्षी न्यायाधीशपद सोडले. माणूस वयाच्या एका टप्प्यावर जे बोलतो त्यावरून त्याचे नाव यादीतून खोडू नये, याचा हा पुरावा मानावयास हरकत नाही.

पुढे अमेरिकेत या प्रघाताचे व्यवस्थेत रूपांतर झाले. विल्यम्स महाविद्यालयाची माजी विद्यार्थी संघटना तर १८२१ पासूनची. हार्वर्डमध्ये दर पाच वर्षांनी प्रत्येक वर्गाचे एक पुस्तक निघते आणि प्रत्येकाने आपल्या आयुष्याचा वृत्तान्त स्वतःच्या शब्दांत त्यात लिहायचा असतो. प्रिन्स्टनला दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघते. केशरी-काळ्या रंगाचे चित्रविचित्र कोट घालून वर्गामागून वर्ग चालत जातात. सर्वांत जुन्या वर्गाचा जो वयोवृद्ध विद्यार्थी आलेला असतो, त्याच्या हाती मानाची काठी दिली जाते. नव्वदी ओलांडलेला तो गृहस्थ काठी उंचावतो आणि दुतर्फा उभे असलेले विशीतले विद्यार्थी टाळ्यांचा कडकडाट करतात. या साऱ्यामागे महाविद्यालयांचा देणग्यांवरचा डोळाही असतो, हे खरेच आहे. वर्गाच्या चिटणिसाच्या जोडीला निधी गोळा करणारा प्रतिनिधी असतो, आणि त्याची पत्रे चिटणिसाच्या पत्रांहून अधिक नियमितपणे येतात. पण देणगीसाठी का होईना, पत्ते अद्ययावत राहतात.

पाश्चात्त्य समाजाविषयी आपल्याकडे एक सोपे विधान नेहमी केले जाते. तिकडे माणूस एकटा, नाती पातळ, आपल्याकडे ऋणानुबंध. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ऋणानुबंध आहेत म्हटल्यावर आपण निश्चिंत होतो. 'मनात आठवण असली म्हणजे झाले' हे आपले आवडते वाक्य. मनातली आठवण पत्ता बदलल्याचे सांगत नाही. ज्यांना ऋणानुबंध हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनी वही घातली आणि ती साठ वर्षे चालवली. आपल्याकडे शब्द होता, वही नव्हती.

आता आपल्याकडचे पाहू. अकरावीची मॅट्रिक, मग प्री-डिग्री, मग इंटर असा प्रवास करून पदवीधर झालेली पिढी आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा तिच्याही पुढे आहे. शिक्षणाचा नवा आकृतिबंध त्यांच्यानंतर आला. दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली १९७५ साली. या पिढीचे महाविद्यालय सुटले ते एका समूह-छायाचित्रावर. मध्ये खुर्च्यांवर प्राचार्य आणि प्राध्यापक, जमिनीवर मुली, मागे उभी मुले. मग एकेक जण पांगला. बँकेत लागलेल्याची बदली झाली. विद्युत मंडळातला विदर्भातून कोकणात आणि कोकणातून मराठवाड्यात फिरत राहिला. कोणी गावी जाऊन शिक्षक झाला, कोणी मुंबईत गिरणीच्या कचेरीत कारकून झाला आणि १९८२च्या संपानंतर कुठे गेला ते समजले नाही. पहिली तीन-चार वर्षे पोस्टकार्डे गेली, दिवाळीची भेटकार्डे आली, लग्नाच्या पत्रिका आल्या. नंतर मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, आईवडिलांची आजारपणे यांत वीस-पंचवीस वर्षे निघून गेली. यात कोणाचा दोष नाही. तिशी ते पंचावन्न या काळात माणसाला मित्र लागतात, पण त्यांच्यासाठी वेळ नसतो.

पुढे भ्रमणध्वनी आला आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावचे जुने वर्ग एकमेकांना सापडले. एकाने दुसऱ्याचा क्रमांक मिळवला, दुसऱ्याने चौघांचे दिले. पहिला मेळावा ठरला. अशा पहिल्या मेळाव्यात हमखास घडणारी एक गोष्ट आहे. प्रवेशद्वाराशी दोन वृद्ध एकमेकांकडे पाहत उभे असतात, ओळख पटत नाही. मग एक जण हसतो आणि त्या हसण्यावरून दुसऱ्याला नाव आठवते. चेहरा बदलतो, आवाज आणि हसणे मात्र बरेचसे तसेच राहते. आणि त्या क्षणी 'अरे-तुरे' सुरू होते. घरात जो 'आजोबा' आहे, सोसायटीत 'काका' आहे, पूर्वीच्या कचेरीत 'साहेब' होता, त्याला 'अरे' म्हणणारे जगात कितीसे उरलेले असतात? आईवडील नाहीत, मोठी भावंडे गेली. वर्गमित्र हा त्या हाकेचा जवळजवळ शेवटचा अधिकारी.

ही ओढ केवळ हळवेपणाची नाही. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घराबाहेरचे पहिले वास्तव्य, जगाविषयीची पहिली ठाम मते, सगळे त्याच काळात घडलेले असते. वर्गमित्र हा त्या काळाचा साक्षीदार. 'असे खरेच घडले होते ना?' हा प्रश्न पत्नीला किंवा मुलाला विचारून उपयोग नसतो. ती तिथे नव्हती.

दुसरा पुरावा पुन्हा हार्वर्डचाच. १९३८ साली तेथील विद्यार्थ्यांचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. १९३९ ते १९४४ या काळातल्या वर्गांतील २६८ तरुण त्यासाठी निवडले गेले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांत होते. या सर्वांना दर दोन वर्षांनी प्रश्नावली जात असे, वैद्यकीय तपासण्या होत, मुलाखती होत. जॉर्ज व्हॅलन्ट या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या उमेदीचा मोठा काळ या अभ्यासाला दिला. त्यांच्यानंतर रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी तो पुढे नेला. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ती माणसे ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळली, आणि हा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून बांधता येणाऱ्या अंदाजाहून भरवशाचा ठरला. अभ्यासाच्या मर्यादाही आहेत. ते सारे गोरे पुरुष होते, एका श्रीमंत महाविद्यालयातले होते. आणि यात नाती म्हणजे केवळ वर्गमित्र नव्हेत, पत्नी, मुले, शेजारी सारे आले. तरीही निवृत्तीविषयीचे त्यांचे एक निरीक्षण नेमके आहे. कचेरीतले सोबती सुटल्यावर ज्यांनी त्यांची जागा घेणारे नवे-जुने सवंगडी प्रयत्नपूर्वक मिळवले, त्यांची निवृत्ती सुखाची गेली. 'प्रयत्नपूर्वक' या शब्दाकडे लक्ष द्यावे.

प्रयत्न कुठे कमी पडतो, तेही पाहिले पाहिजे. सर्वांत आधी, वर्गातल्या मुलींच्या बाबतीत. जुन्या वर्गाची यादी करायला बसले की पुरुषांपैकी पाऊणएक जण सापडतात, स्त्रिया मात्र निम्म्याही सापडत नाहीत. कारण उघड आहे. लग्नात आडनाव बदलले, आणि कित्येकींचे तर तांदळाच्या ताटात लिहून पहिले नावही बदलले. हजेरीपटावरची कुमारी कुलकर्णी आता कोणत्या नावाने, कोणत्या गावी नांदते, हे शोधायचे कसे? अमेरिकेतल्या वेल्स्ली, स्मिथ यांसारख्या स्त्रियांच्या महाविद्यालयांनी यावर साधा उपाय पूर्वीच काढला. त्यांच्या याद्यांत आणि नियतकालिकांत माहेरचे आडनाव मध्ये छापलेले असते. आपल्याकडे ज्या वर्गांना यश आले, ते माहेरच्या वाटेने गेल्यामुळे. भावाचे दुकान, वहिनीचा दूरध्वनी, माहेरच्या वाड्याशेजारचे वाणी अशा धाग्याने शोध लागतो. आणि सत्तरीतल्या बाईंना पन्नास वर्षांनी कोणीतरी माहेरच्या नावाने हाक मारते, तेव्हा घरातली नातवंडे चकित होऊन पाहतात. आजीला आणखी एक नाव होते, हे त्यांना तोवर ठाऊकच नसते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती अधिक नाजूक. मेळावा कुठे करायचा यावर चर्चा होते. ज्यांचे चिरंजीव परदेशात आहेत ते महाबळेश्वरचे किंवा कोकणातले रिसॉर्ट सुचवतात, दोन दिवसांची वर्गणी काही हजारांत जाते, आणि गटावर सर्वांचे अंगठे उमटतात. दोघे-तिघे मात्र कळवतात की त्याच दिवशी घरी कार्य आहे. पुढच्या वर्षीही त्यांच्याकडे नेमके त्याच दिवशी कार्य असते. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचे भविष्यनिर्वाह निधीखालचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १००० रुपये. अशा माणसाने रिसॉर्टची वर्गणी कुठून आणावी? तो मोकळेपणाने सांगणारही नाही. द्रुपदाने भर सभेत जे बोलून दाखवले, ते आपण न बोलता, वर्गणीच्या आकड्याने सांगतो. ज्यांना हे उमगले त्या वर्गांनी जागा बदलली. जुन्या महाविद्यालयाचे सभागृह सुटीच्या दिवशी नाममात्र शुल्कात मिळते. जेवण पिठले-भाकरीचे ठेवले तरी कोणी उपाशी राहत नाही, उलट त्याचेच कौतुक होते. ज्याला अधिक द्यायचे त्याने कोषाध्यक्षाकडे गुपचूप द्यावे, आणि कोणी किती दिले हे कोषाध्यक्षाने पत्नीलाही सांगू नये.

तिसरी गोष्ट वादांची. सकाळी सुप्रभात आणि फुलांची चित्रे, दुपारी औषधांचे सल्ले, यांनी फारसे बिघडत नाही. कंटाळा येतो इतकेच. निवडणुका आल्या की मात्र गट तापतात. पन्नास वर्षांनी सापडलेला मित्र एका संध्याकाळी गट सोडून जातो, आणि त्याला परत आणायला कोणी जात नाही, कारण जाणे-येणे आता बोटाच्या एका स्पर्शाचे झाले आहे. मतभेद गंभीर नसतात असे नाही. टिळक आणि आगरकर यांचे मतभेद तर अत्यंत गंभीर होते. दोघेही १८५६ साली जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातले सहाध्यायी. देशासाठी काय करायचे याच्या चर्चेत त्यांनी रात्री जागवल्या, सरकारी नोकरीचा मोह टाळून न्यू इंग्लिश स्कूलचे काम अंगावर घेतले, 'केसरी' चालवला, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मग सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर वाटा फुटल्या. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला, १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आणि दोघांनी एकमेकांवर इतके कडवट लिहिले की आजही वाचताना वाईट वाटते. जून १८९५ मध्ये आगरकर गेले. चाळिशीही गाठली नव्हती. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि त्यात जुन्या स्नेहाला वाट करून दिली. या दोघांना एकत्र म्हातारे होण्याची संधी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्राला पडत राहणारच. ज्यांना ती संधी मिळाली आहे, त्यांनी एका अग्रेषित संदेशावरून ती वाया घालवावी का?

गटातल्या बोलक्या माणसांची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी गप्प झालेल्याची करावी. रोज काहीतरी पाठवणारा चार दिवस गप्प असेल, तर पाचव्या दिवशी कोणीतरी दूरध्वनी करावा, उत्तर न आले तर त्याच गावातल्या दुसऱ्याने घरी जाऊन यावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही साधी व्यवस्था मोलाची ठरते. मेळाव्याला येऊनही गप्प बसणारे असतात. त्यांना गर्व झालेला नसतो, ऐकू कमी येत असते. ध्वनिक्षेपक आणि पंखे यांच्या गोंगाटात श्रवणयंत्रही निरुपयोगी होते. अशांना घेऊन दोघा-तिघांनी बाहेर व्हरांड्यात बसावे. मेळावा संध्याकाळी ठेवू नये, कारण मोतीबिंदू झालेल्यांना आणि रात्री वाहन चालवणे सोडलेल्यांना तो अवघड जातो. सकाळी दहाची वेळ ठेवावी. तळमजला असावा आणि स्वच्छतागृह जवळ असावे. असे तपशील व्याख्यानात सांगावे लागतात, कारण निमंत्रणपत्रिकेवरच्या सुभाषितासाठी समित्यांच्या तीन बैठका होतात आणि जिन्याचा विचार ऐनवेळी होतो.

मग गळतीचे दिवस येतात. वर्गाच्या आयुष्यातला हा काळ टळत नाही. होम्सच्या वर्गालाही टळला नाही. या काळात एक प्रश्न पुढे येतो. मित्र गेला, त्याच्या पत्नीचे काय? दहा वर्षे ती त्याच्याबरोबर मेळाव्याला येत होती, सर्वांना नावाने ओळखत होती. तो गेला आणि गटातून त्याचा क्रमांक काढला की तीही त्याच दिवशी नाहीशी होते. महिन्यापूर्वी जिथे तिचे हसून स्वागत होत होते, तिथून तिला कोणी बोलावत नाही. एखादा मित्र गेल्यावर शोकसभेत भाषणे करण्यापेक्षा त्या माउलीला पुढच्या मेळाव्याचे निमंत्रण प्रत्यक्ष घरी जाऊन द्यावे. ती पहिल्या वर्षी येणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा द्यावे. तेच वर्गभगिनींच्या यजमानांच्या बाबतीत. निवृत्त माणसाचे बहुतेक स्नेहबंध पत्नीच्या हातून चालतात, आणि ती गेल्यावर तो अधिकच एकटा पडतो.

राहता राहिला प्रश्न वहीचा. प्रत्येक वर्गात एक सॅम्युअल मे असतो. तो निवडून आलेला नसतो, त्याने ते काम अंगावर घेतलेले असते. त्याच्याकडे सर्वांचे क्रमांक असतात, कोणाची बायपास झाली आहे हे त्याला ठाऊक असते, कोणाच्या मुलाशी काय बिनसले आहे हेही ठाऊक असते आणि तो ते बोलत नाही. पण ही माहिती बहुतेक ठिकाणी त्याच्या एकट्याच्या भ्रमणध्वनीत आणि त्याच्या एकट्याच्या डोक्यात असते. तोही अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. भ्रमणध्वनी हरवला किंवा तोच अंथरुणाला खिळला की पन्नास माणसे पुन्हा पांगतात, आणि या खेपेस शोधायला वीस वर्षे हाताशी नाहीत. म्हणून एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. एका पानावर एक नाव. स्त्रियांची माहेर-सासरची दोन्ही. पत्ता, स्वतःचा क्रमांक, आणि त्याखाली मुलाचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा एक क्रमांक; कारण वेळ येते तेव्हा माणसाचा स्वतःचा दूरध्वनी उचलला जात नाही. तिच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात. गेलेल्यांची पाने फाडू नयेत. त्यांच्याखाली त्यांच्या घरच्यांचे क्रमांक तसेच ठेवावेत. आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, दोघांनी बसून प्रत्येक क्रमांकावर एकेक दूरध्वनी करून तो चालू आहे की नाही ते पाहावे. पन्नास जणांच्या वर्गाला दोन दुपारी लागतात. एका दुपारचे काम लांबतेच, कारण पलीकडून कोणीतरी फोन ठेवू देत नाही.